सहा सोंगांचा न्याय

मेल्यानंतर माणसाचे काय होते, हा प्रश्न जगातील सर्वच समाजांना पडलेला दिसतो. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की पुढील दिवसांत गरुडपुराण वाचतात. त्यात यमाचा दरबार आहे, चित्रगुप्ताची वही आहे आणि पापी जीवाला पार न करता येणारी वैतरणी आहे. विरारकडे जाताना गाडी वैतरणेच्या पुलावर आली की माझी आजी अजूनही हात जोडते. तिच्या लेखी पुराणातली नदी आणि आपल्या जिल्ह्यातली नदी या दोन नाहीतच.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र फार दूरचा आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातल्या ‘इन्सेन क्लाउन पॉसी’ या रॅप गाणाऱ्या जोडीने १९९२ पासून आपल्या अल्बमांमधून परलोकाची एक स्वतंत्र पुराणकथा रचली. ती पुराणकथा काय आहे आणि तिच्याकडे आपण का पाहावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम या गावाविषयी. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. १९५० साली त्याची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती. कारखाने हलले, पैसेवाली वस्ती उपनगरांत गेली आणि १९९० पर्यंत हा आकडा सव्वादहा लाखांवर आला. मागे उरली ती ज्यांना कुठे जाता येत नव्हते अशी माणसे. जोसेफ ब्रूस आणि जोसेफ अटस्लर हे दोन मित्रही गरिबीतच वाढले. तोंडाला काळापांढरा रंग फासून, विदूषकाच्या वेषात ते गाऊ लागले. आपल्याला स्वप्नात एक फिरती जत्रा दिसली, असे ब्रूस सांगतो. त्या जत्रेचे नाव ‘डार्क कार्निव्हल’, आपल्या भाषेत काळी जत्रा. मेलेल्या माणसाचा न्याय या जत्रेत होतो. मूळ कथेत तिची सहा रूपे आहेत. प्रत्येक रूप म्हणजे पत्त्यांतला एक जोकर, आणि प्रत्येक जोकराचा एक अल्बम.

आपल्या जिल्ह्यातील वाचकांना हे समजावयास कठीण जाऊ नये. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी ही रचना पाहिलीच आहे. रात्री संबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग येते, नाचते, आपली ओळख पटवते आणि निघून जाते. सोंगांमागून सोंगे येत राहतात आणि पाहणाऱ्याच्या मनात हळूहळू सबंध कथा उभी राहते. काळ्या जत्रेतील सहा पत्ते हीदेखील अशीच सहा सोंगे आहेत, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

पहिले सोंग १९९२ च्या ‘कार्निव्हल ऑफ कार्नेज’चे. गरीब वस्तीत रोज जी हिंसा चालते, तीच घेऊन ही जत्रा श्रीमंतांच्या उपनगरात शिरते. दुसरे १९९४ चे ‘रिंगमास्टर’. हा जत्रेचा मुख्य. पण तो बाहेरून आलेला नाही. माणसाच्या स्वतःच्या पापांतूनच तो घडलेला आहे. तिसरे १९९५ चे ‘रिडल बॉक्स’. मेलेला माणूस एका पेटीचा दांडा फिरवतो. पेटीतून जे उसळून वर येते, त्यावर त्याचा स्वर्ग की नरक ते ठरते. चौथे १९९७ चे ‘द ग्रेट मिलेंको’. हा मायावी जादूगार आहे. तो लोभ दाखवतो, आणि त्याची माया ओळखणे हीच परीक्षा. पाचवे सोंग १९९९ चे, जेकेल नावाच्या दोघा भावांचे. एक भाऊ माणसाच्या पापांचे चेंडू हवेत झेलत असतो, दुसरा त्याचा झेल चुकवू पाहतो. चेंडू पडला की माणूस नरकात. सहावे सोंग म्हणजे साक्षात मृत्यू. त्याचे दोन भाग आहेत. २००२ च्या अल्बमात ‘शांग्री-ला’ हा स्वर्ग येतो आणि २००४ च्या ‘हेल्स पिट’मध्ये नरक.

या क्रमात माझ्या अल्पमतीप्रमाणे एक महत्त्वाची गोष्ट घडते. पहिल्या सोंगात न्याय दुसऱ्याचा आहे. पापी कोण, तर उपनगरातला श्रीमंत. ऐकणारा आपला निर्धास्त बसून टाळ्या वाजवतो. दुसऱ्या सोंगापासून मात्र बोट ऐकणाऱ्याकडेच वळते. रिंगमास्टर तुझ्याच पापांचा, पेटीचा दांडा तुझ्याच हातात, चेंडूही तुझेच. २००२ च्या अल्बमाच्या शेवटी तर दोघे उघड सांगतात की ही जत्रा म्हणजे देवच होता. ते ऐकून कित्येक चाहते नाराज झाले.

या गाण्यांतील दोषही सांगितले पाहिजेत. त्यांत शिवीगाळ आणि रक्तपात भरपूर आहे. स्त्रियांविषयीची भाषा तर वाचवत नाही. पुष्कळ गाण्यांत पुराणकथेचा मागमूसही नसतो. ‘मिलेंको’ तर डिस्नेच्या मालकीच्या कंपनीने बाजारात आणला आणि त्याच दिवशी परत घेतला. समीक्षकांनी या जोडीची नेहमीच टर उडवली. तरीही ‘जगलो’ म्हणवणारे त्यांचे चाहते एकमेकांना कुटुंब मानतात आणि २००० पासून आपला मेळावा भरवीत आले आहेत.

आता माझ्या मनातील प्रश्न. दोन वर्षांपूर्वी बोईसरला आमच्या चाळीतील एक काका कारखान्यातील अपघातात गेले. दहाव्याला बसलेल्या मंडळींत कोणी तरी म्हणाले, “जाऊ द्या, सगळ्यांचा हिशेब वर होतो.” माझे वडील त्याच पाळीत काम करीत. ते काहीच बोलले नाहीत. त्यांचे ते गप्प बसणे मला पटले नव्हते. परलोकाची कथा गरिबाला धीर देते हे खरे, पण तीच कथा त्याला येथला हिशेब मागण्यापासून थांबवते काय? चित्रगुप्ताची वही आहे म्हणून आपण आपली वही लिहावयाची नाही काय?

जगलोंच्या इतिहासात मला याचे अर्धे उत्तर सापडले. २०११ साली अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने आपल्या अहवालात या चाहत्यांची गणना गुंडांच्या टोळ्यांमध्ये केली. मरणोत्तर न्यायाची गाणी म्हणणारी ही माणसे तेव्हा वरच्या न्यायाची वाट पाहत बसली नाहीत. २०१४ च्या जानेवारीत या जोडीने आणि काही चाहत्यांनी सरकारवर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१७ रोजी रंगवलेल्या तोंडांनी ते वॉशिंग्टनला लिंकन स्मारकापाशी जमले. त्याच वर्षी डिसेंबरात वरिष्ठ न्यायालयातही ते हरले. पण त्यांनी हिशेब येथेच मागितला, ही गोष्ट उरतेच.

म्हणून मला वाटते, परलोकाच्या कथेचे खरे काम मेलेल्यांसाठी नसतेच. आपल्याकडे जी वही नाही, तिची कल्पना ती जिवंतांना करून देते. पुढे ती वही हाती घ्यावयाची की वरच्यावर सोपवावयाची, हे ऐकणाऱ्याने ठरवावयाचे असते. कथा गाणारे बोईसरचे असोत की डेट्रॉइटचे.

त्या दहाव्यानंतर काही दिवसांनी मी वडिलांना विचारले की तेव्हा आपण गप्प का बसलात. ते म्हणाले, “वरचा हिशेब आपल्याला वाचता येत नाही. तुला खालचा तरी वाचता यावा, म्हणून तर कॉलेजात घातलं.”

बोहाड्यात रात्र सरली की मुखवटे उतरतात आणि त्यामागून रोजचे ओळखीचे चेहरे दिसतात. वडिलांचे शब्द ऐकताना मला तसेच काहीसे झाले.