मेंबर काकू, गावचा रस्ता आणि चौथा घात

होस्टेलवर रात्री बारानंतर ज्या गप्पा रंगतात त्यात एक विषय हमखास असतो. तुमच्या गावचा रस्ता कसा आहे? प्रत्येक जण आपल्याच गावातले खड्डे सर्वांत मोठे असल्याचं शपथेवर सांगतो, सगळे हसतात आणि झोपायला जातात. मीही हसायचो. सिव्हिलला असूनही 'रस्ता का फुटतो?' हा प्रश्न मी कधी नीट विचारला नव्हता. कॉन्ट्रॅक्टरने पैसे खाल्ले, एवढं उत्तर आपल्याला पुरतं. हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट विचारला तो सातवी शिकलेल्या एका ग्रामपंचायत सदस्य बाईंनी. हा लेख त्याबद्दल आहे. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही.

मेंबर म्हणजे कोण?

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात. २०११ पासून त्यातल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनेल असतात. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. तिने घटनेत जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. त्यात रस्ते आणि मोऱ्या आहेत, पिण्याचं पाणी आणि पाणलोट विकासही आहे. म्हणजे कागदावर रस्ता आणि नदी दोन्ही पंचायतीच्या दारात येतात. प्रत्यक्षात काय? गावाला जोडणारा ग्रामीण मार्ग साधारणपणे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, वाळू महसूल खात्याकडे आणि ट्रकचं वजन आरटीओकडे. मेंबरच्या हातात उरतो मासिक सभेतला एक हात आणि ग्रामसभेतला एक आवाज.

आमच्या आळीतल्या काकू जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत राखीव जागेवर उभ्या राहिल्या. 'रस्ता करू' हे सगळेच म्हणत होते. काकू म्हणाल्या, "रस्ता टिकवू आणि नदी राखू." लोकांना ते जरा गमतीचं वाटलं. पण काकू दारोदार फिरल्या आणि निवडून आल्या.

२०२२ मध्ये आमचा ३ किलोमीटरचा रस्ता डांबरी झाला. नारळ फुटले, फोटो निघाले. आणि २०२३ च्या पावसाळ्यात पाहतो तो काय, चाकोऱ्या पडलेल्या, कडा तुटलेल्या आणि मधे गुडघाभर पाण्याची तळी! दिवाळीला मी घरी गेलो तर काकू फराळाचं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तू सिव्हिलला आहेस ना? मग हा रस्ता का फुटला ते मला कागदावर लिहून दे. साहेब म्हणतात पावसानं फुटला. शेजारच्या वाडीचा रस्ता आमच्याआधी एक वर्ष झालाय, त्याच्यावर काय ऊन पडतंय का?"

आता आली का पंचाईत!

रात्रीची मोजणी

माहितीच्या अधिकारात (कायदा २००५ चा, उत्तराची मुदत ३० दिवस) काकूंनी रस्त्याचं अंदाजपत्रक आधीच मिळवून ठेवलं होतं. त्यात एक ओळ होती. रस्ता १० वर्षांत सुमारे १ लाख प्रमाण ॲक्सल सोसेल, असं धरून त्याची जाडी ठरवली होती. काकूंना ती ओळ कळली नव्हती. मला मात्र ती पाहून थर्ड इयरच्या सीनियरची वही आठवली.

मी आमच्या माळवदावर अंथरूण टाकलं आणि पाच रात्री जागून गाड्या मोजल्या. दहा चाकी हायवा, नदीतून वाळू भरून जाणाऱ्या, सरासरी रात्रीला २० खेपा. आता गणित पाहू.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. वाळूचं वजन ब्रासला साधारण साडेचार टन. हायवात ६ ब्रास भरली तर २७ टन झाले. रिकामी गाडी ११ टन धरा. एकूण ३८ टन. त्यातले साधारण ८ टन पुढच्या ॲक्सलवर आणि ३० टन मागच्या जोड ॲक्सलवर. कायदा काय म्हणतो? २०१८ मध्ये केंद्राने मर्यादा वाढवली, तरी जोड ॲक्सलला २१ टन आणि अशा पूर्ण गाडीला सुमारे २८ टन.

"दहा टनच तर जादा आहेत," असं कुणीही म्हणेल. इथेच खरी गोम आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मोठी रस्ता चाचणी झाली. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक सतत फिरवले गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याचं नुकसान ॲक्सलच्या वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. वजन दीडपट झालं की नुकसान पाचपट. दुप्पट झालं की सोळापट!

जोड ॲक्सलचं प्रमाण वजन सुमारे १५ टन धरतात. आमच्या हायवाचे ३० टन म्हणजे बरोबर दुप्पट, म्हणून १६. पुढच्या ॲक्सलचे साधारण २. म्हणजे एक हायवा गेली की १८ प्रमाण ॲक्सल गेले. रात्रीच्या २० खेपा म्हणजे ३६०. १ लाखाला ३६० ने भागा. उत्तर येतं २७८ दिवस. दहा वर्षांचा रस्ता नऊ महिन्यांत संपला!

आणि गाड्या कायद्यात बसतील एवढ्याच भरल्या असत्या तर? एका खेपेचे साधारण ५, रात्रीचे १००, म्हणजे १००० दिवस. पावणेतीन वर्षं. म्हणजे 'ओव्हरलोड बंद करा' एवढीच मागणी पुरेशी नाही. हा रस्ता या वाहतुकीसाठी बांधलेलाच नव्हता. तो दूध, ऊस, एसटी आणि शाळेच्या मुलांसाठी होता.

पावसाचा दोष नाही असं नाही. साइडपट्टी खचलेली आणि मोऱ्या बुजलेल्या असल्या की पाणी रस्त्याच्या पोटात शिरतं. ओली झालेली खालची माती मऊ पडते आणि तेच चाक दुप्पट खोल रुततं. पण पाऊस शेजारच्या वाडीवरही पडला होता. काकूंचा मुद्दा बिनतोड होता.

मी काय लपवलं

मी दोन पानं सुवाच्य अक्षरात लिहून काकूंना दिली. मनात म्हटलं, झालं काम. त्यांनी आपल्या पुतणीकडून ती वाचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मला ओट्यावर बोलावलं.

"हायवा सगळ्या आल्या यात. ट्रॅक्टर कुठं गेले?"

मी गप्प. रात्री साधारण २५ ट्रॅक्टरही जात होते, एकेक ब्रासची ट्रॉली घेऊन. ते मी मोजले होते, पण लिहिले नव्हते. म्हणालो, "काकू, ट्रॅक्टरच्या वजनानं रस्ता फारसा फुटत नाही." हे खोटं नव्हतं. चौथ्या घातात ट्रॅक्टर हायवापुढे किरकोळच ठरतो. पण खरं कारण वेगळं होतं. त्या २५ खेपांतल्या चार आमच्या तात्यांच्या होत्या. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. माझी पहिल्या दोन वर्षांची होस्टेलची फी त्या ट्रॉलीतून आली होती. काकूंना हे माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं.

काकू एवढंच म्हणाल्या, "रस्त्याचं राहू दे. नदीचं गणित करून आण."

नदीचं गणित सोपं आहे, म्हणूनच नकोसं वाटतं. वाळूच्या थरात साधारण ३० ते ४० टक्के पोकळी असते आणि त्या पोकळीत पाणी साठतं. म्हणजे एका ब्रासमध्ये जवळपास एक घनमीटर, १००० लिटर पाण्याची जागा. त्यातलं काही पाणी कणांना चिकटून राहतं, बाकीचं सावकाश काठच्या विहिरींना मिळतं. वाळू काढल्यावर उरलेल्या खड्ड्यातही पाणी राहतं, असं कुणी म्हणेल. पण ते उघडं पाणी उन्हाने उडून जातं. शिवाय पात्र खोल गेलं की उलटंच होतं, विहिरीचं पाणी नदीकडे उतरू लागतं. आमच्या काठच्या विहिरी पूर्वी एप्रिलपर्यंत चालायच्या, आता फेब्रुवारीत तळ दाखवतात. ते यामुळेच.

रस्त्याच्या गणितात हायवा १८ आणि ट्रॅक्टर जवळजवळ शून्य. नदीच्या गणितात मात्र ब्रासला ब्रास. परगावच्या हायवा रात्रीला १२० ब्रास नेत होत्या आणि आमची आपली माणसं २५. म्हणजे रोजची २५ हजार लिटरची साठवण आम्ही स्वतः उपसून विकत होतो. मी फक्त रस्ताच मोजला, कारण रस्त्याच्या हिशेबात माझं घर सुटत होतं. तिसरं पान लिहिलं तेव्हा त्यात ट्रॅक्टर आले. चार खेपांसकट.

ग्रामसभा

ग्रामसभेला गणपूर्ती लागते, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. एरवी आमच्याकडे वीस टाळकी जमतात. २६ जानेवारी २०२४ ला काकूंनी आळीतल्या बायका आणल्या आणि सभा भरली. तिन्ही पानं मला वाचायला लावली. तात्या मागे खांबाला टेकून उभे होते. तिसरं पान वाचताना माझा आवाज बसला होता, हे प्रामाणिकपणे सांगतो.

गोंधळ झालाच. कुणी म्हणालं, रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी कमान टाका म्हणजे हायवा शिरणार नाही. पण मग उसाच्या गाड्या कशा जाणार? कमान बारगळली. शेवटी ठराव झाला तो तीन कलमांचा. एक, गावच्या हद्दीतल्या वाळू लिलावाला ग्रामसभेची संमती नाही. दोन, खेपांच्या मोजणीसह तहसीलदार आणि आरटीओ यांना पत्र. तीन, मोऱ्या साफ करणं आणि साइडपट्टीला मुरूम, पंचायतीच्या अबंधित निधीतून.

पत्रात काकूंनी कायद्याचे दाखले घालायला लावले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम ४८ विनापरवाना गौण खनिज काढणाऱ्याला दंड आणि वाहन जप्तीची तरतूद करतं. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालात पाच हेक्टरपेक्षा लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. "नुसतं 'कारवाई व्हावी' लिहिलं की फायलीत जातं, कलम लिहिलं की साहेब चष्मा लावतात," हे काकूंचं वाक्य.

पुढे काय झालं? चमत्कार झाला नाही. पथक आलं, दोन हायवा जप्त झाल्या. खेपा कमी झाल्या, काही महिन्यांनी त्यातल्या काही शेजारच्या गावाच्या रस्त्याने जाऊ लागल्या. काकू आता त्या गावच्या मेंबरांशी बोलतात. रस्त्याचे खड्डे बुजले, मोऱ्या वाहू लागल्या आणि नंतरचे दोन पावसाळे रस्त्याने काढले. तात्या माझ्याशी पाडव्यापर्यंत बोलले नाहीत. पाडव्याला म्हणाले, "पान वाचलंस ते ठीक. पण आधी मला सांगायला पाहिजे होतंस." त्यांचं बरोबर होतं. त्यांचा ट्रॅक्टर आता रोटाव्हेटरवर भाड्याने चालतो, मिळकत पूर्वीपेक्षा कमी आहे. माझी पुढची फी शैक्षणिक कर्जातून गेली. हा हिशेबही लिहायला हवा, म्हणून लिहिला.

आपण काय शिकायचं?

पर्यावरण आणि विकास यांचं वाकडं आहे असं आपण वादविवाद स्पर्धेत बोलतो. हिवरे बाजारचं उदाहरण पाहा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावात पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, पाण्याचा ताळेबंद मांडला. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की नियम आधी स्वतःला लावला आणि मोजमाप दरवर्षी केलं. पंचायतीच्या सदस्याकडे बुलडोझर नसतो, पोलीस नसतात. मोजलेला आकडा आणि ग्रामसभेचा ठराव, एवढीच त्याची हत्यारं. पण आकडा मोजायला गावात माणूस लागतो. तो माणूस इथे होस्टेलच्या कॉटवर पडून गाणी ऐकतोय!

येत्या सुट्टीत एवढं करा. आपल्या गावच्या रस्त्याचं अंदाजपत्रक मागवा. तीन रात्री गाड्या मोजा. काठच्या चार विहिरींची पाण्याची पातळी दर महिन्याला टेपने मोजायला एखाद्या शाळकरी पोराला शिकवा. आणि ते कागद आपल्या मेंबरला नेऊन द्या, मग तो कुठल्याही पॅनेलचा असो. फक्त एक पथ्य पाळा. मोजणीतून आपलं घर वगळू नका. आणि वाचून दाखवण्याआधी घरी सांगा!

— अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी