वर्गातली कोंदट हवा: तपासणीला किती, दुरुस्तीला किती, तक्रारीला किती

मुलाचा क्लास शांती नगरातल्या तळमजल्याच्या गाळ्यात असो, की मुलगी मिरा रोडच्या कॉलेजात एसी वर्गात बसत असो, फी भरण्याआधी एकच गोष्ट बघा: त्या खोलीत बाहेरची हवा शिरते कुठून? स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून फिरवतो, ताजी हवा आणत नाही. पुढे काचेचं दार बंद, मागचं शटर कायमचं खाली आणि आत चाळीस मुलं असतील, तर तासाभरात डोकं जड होतं, पेंग येते. भिंतीला ओल असेल तर बुरशीने शिंका, खोकला. दमा असलेल्या मुलाला तर धाप. नवं प्लायवूड आणि रंग यांतून फॉर्माल्डिहाइड सुटतं, आणि ते कर्करोगकारक म्हणून नोंदलेलं आहे. नुकतंच फर्निचर केलेला वर्ग असेल तर पहिले काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवायला सांगाच.

पाहणी फुकट होते. भरलेल्या बॅचच्या शेवटच्या दहा मिनिटांत आत जा. वास घ्या. एसीचं पुढचं झाकण उघडायला सांगा आणि जाळीवर बोट फिरवा. राखाडी थर नमद्यासारखा सोलून निघाला, तर सर्व्हिस महिनोन् महिने झालेली नाही. छताच्या कोपऱ्यातले काळे ठिपके बघा. बाहेरच्या हवेचा आकडा ‘समीर’ या सरकारी ॲपवर मोफत मिळतो.

मोजायचंच असेल तर कार्बन डायऑक्साइडचं मीटर घ्या. साधारण चार ते दहा हजार रुपये. ‘एनडीआयआर’ (इन्फ्रारेडने वायू मोजणारा) सेन्सर आहे ना, एवढं विचारा. स्वस्त मीटर नुसता अंदाज दाखवतात. चार पालकांनी मिळून एक घेतलं तरी पुरतं. बाहेर आकडा चारशेवीस पीपीएमच्या आसपास असतो. वर्गात हजार पीपीएमच्या वर राहिला तर हवा खेळत नाही असं समजा. धुळीसाठी पीएम २.५ (अतिसूक्ष्म धूलिकण) बघा: आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. क्लासवाल्याने दाखवलेल्या विक्रेत्याच्या ‘मोफत हवा तपासणी’वर जाऊ नका. ती मशीन विकायला येते.

आता खर्च, आणि इथेच जपा. एसीची साधी सर्व्हिस साधारण पाचशे ते आठशे. वर ‘गॅस कमी आहे’ म्हणून दोन-अडीच हजार जोडले जातात. गेजवर प्रेशर दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. सर्व्हिसने जाळी स्वच्छ होते, ताजी हवा मात्र येत नाही. ती येते एक्झॉस्ट फॅनने: फॅन, काच कापणं आणि वायरिंग धरून तीन-चार हजारांत काम होतं. पण फॅनच्या समोरच्या बाजूने हवा आत यायला फट हवी, नाहीतर तो नुसता घरघरतो.

प्युरिफायर धूळ अडवतो, कार्बन डायऑक्साइड नाही. चारशे चौरस फुटांच्या, दहा फूट उंच गाळ्यात तासाला पाच वेळा हवा गाळायची तर साडेपाचशे घनमीटरच्या वर ‘सीएडीआर’ (मशीन तासाला किती हवा स्वच्छ करतं तो आकडा) लागतो. घरगुती मशीन बहुधा याच्या निम्म्यावर असतं. म्हणजे दोन घ्यावी लागतील. खरा खर्च फिल्टरचा: दरवर्षी दीड ते चार हजार, प्रत्येक मशीनला. ‘हेपा टाइप’ लिहिलेला फिल्टर म्हणजे सूक्ष्म धूळ अडवणारा खरा हेपा नव्हे. ओझोन सोडणारं यंत्र तर नकोच. ओझोनने फुफ्फुसाला इजा होते.

खिडक्या कधी उघडायच्या? हिवाळ्यात पहाटे धूर-धूळ जमिनीलगत साचते, दुपारी समुद्रावरचं वारं सुटल्यावर हवा बरी असते. दोन बॅचमध्ये दहा मिनिटं दारं-खिडक्या सताड उघडा. समोर बांधकाम चालू असेल, तर त्या बाजूची बंद, पलीकडची उघडी.

मुलाला वारंवार धाप लागत असेल तर डॉक्टरांना स्पायरोमेट्रीबद्दल (फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजणारी तपासणी) विचारा. खासगीत साधारण पाचशे ते दीड हजार, अर्ध्या तासाचं काम. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे. भाईंदर पश्चिमेच्या टेंबा रुग्णालयात जाण्याआधी ती होते का आणि कोणत्या दिवशी, ते विचारून जा. चिठ्ठीवर ‘बंद वर्गात त्रास वाढतो’ असं लिहून घ्या. पुढे हाच कागद लागतो.

तक्रार कॉलेजची असेल तर विद्यार्थ्याने स्वतः अर्ज द्यावा. सोबत ओळखपत्राची प्रत, फीची पावती, तारखेसह फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी. प्रतीवर पोच घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या नियमांनुसार कॉलेजच्या तक्रार निवारण समितीने शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं.

क्लासची वाट वेगळी. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दर विद्यार्थ्याला किमान एक चौरस मीटर जागा आणि खेळती हवा सांगितली आहे. पूर्ण फी भरून मधेच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असंही आहे. क्लासला द्यायच्या अर्जात हे शब्दशः लिहा. ‘फी परत मिळणार नाही’ असा शिक्का पावतीवर असला तरी मागा. तरीही ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, आणि मग ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. कॉलेज-विद्यापीठं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये ग्राहक कायद्याबाहेर धरली, खासगी क्लास मात्र आत आहेत. भरलेली फी पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क शून्य, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची. त्यामुळे पावत्या तोवर फेकू नका, आणि रोख फी दिली असेल तर आजच पावती मागून घ्या.