न पेरलेले धान

शास्त्रभाग : निर्गम २३:१०-११, लेवीय २५:१-७, मार्क ४:२६-२९



हा पाठ वाचण्यापूर्वी वरील तिन्ही शास्त्रभाग सावकाश वाचावेत, आणि लेवीयातील पाचवे व सहावे वचन तर दोनदा वाचावे. ती दोन वचने एकमेकांना छेद देतात असे प्रथमदर्शनी वाटते. सातव्या वर्षी शेतात जे आपोआप उगवेल त्याची कापणी करू नये, असे पाचवे वचन सांगते. आणि त्या वर्षी भूमी जे देईल ते तुमचे अन्न होईल, असे सहावे. कापायचे नाही आणि खायचे मात्र आहे, हे कसे? भाषांतराच्या कामात या जागी मी बरेच दिवस अडखळलो होतो. त्यातून मार्ग दिसला तो टीकाग्रंथांतून नव्हे, तर रायपुरातील एका स्वयंपाकघरात.

रायपूर शहराच्या जुन्या वस्तीत ब्राह्मणपारा हा मोहल्ला आहे. (छत्तीसगडी भाषेत ‘पारा’ म्हणजे आपली आळी.) कंकाली तलाव तेथून जवळच. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते; त्या काळापासून, आणि पुढे नोकरी-व्यवसायाच्या निमित्तानेही, अनेक मराठी घरे रायपुरात स्थायिक झाली. अशाच एका घरी काही वर्षांपूर्वी मी पाहुणा होतो. श्रावण वद्याचे दिवस होते. घरातील वयोवृद्ध काकू बाजारातून तांबूस तांदळाची एक लहानशी पुडी घेऊन आल्या. तिची किंमत ऐकून मी चकित झालो. साध्या तांदळाच्या ती कित्येक पट होती.

“हा पसहर,” काकू म्हणाल्या. “कमरछठीला लागतो. आमच्या घरची ही रीत नव्हे, पण सूनबाई इथली. तिचा उपास असतो. नांगर लागलेल्या जमिनीतले काही चालत नाही.”

मराठी वाचकाला हे अगदीच अपरिचित नाही. महाराष्ट्रात ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न न खाण्याची रीत आपण शेजारीपाजारी पाहिलेली असते. छत्तीसगडात श्रावण वद्य षष्ठीस (तेथील पंचांगाप्रमाणे भाद्रपद कृष्ण षष्ठीस) माता आपल्या मुलांसाठी हे व्रत करतात, आणि त्या दिवशी तलावांच्या काठी व ओहोळांत आपोआप उगवणारा हा तांदूळ शिजतो. आपल्या मराठीत अशा भाताला ‘देवभात’ म्हणतात. हा शब्द जुन्या शब्दकोशांत आहे, पण बोलण्यात आता क्वचितच ऐकू येतो. व्रताच्या फलाविषयी आपली श्रद्धा निराळी आहे आणि त्याची चर्चा येथे अभिप्रेत नाही. मात्र ज्या समाजाने न नांगरलेल्या जमिनीचे धान्य वर्षातून एकदा तरी ताटात येईल अशी व्यवस्था केली, त्याने त्या धान्याची ओळखही जतन केली, एवढे मान्य केले पाहिजे.

माझ्या मसुद्यात त्या वेळी ‘रानटी धान्य’ असे शब्द होते. मी काकूंना ते वाक्य वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, “रानटी कसले? आपणहून आलेले म्हणा की.”

मूळ इब्री शब्द ‘साफीअह’ असा आहे. मागील हंगामात सांडलेल्या दाण्यांपासून, कोणी न पेरता, जे उगवते ते साफीअह. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात तो दोनदा येतो. तसेच अश्शूरी सैन्याच्या वेढ्याने पेरणी बुडाली असता हिज्कीया राजाला जो संदेश मिळाला त्यातही हाच शब्द आहे (२ राजे १९:२९, यशया ३७:३०): पहिल्या वर्षी आपणहून उगवलेले खा, दुसऱ्या वर्षी त्यापासून पुन्हा फुटेल ते खा, तिसऱ्या वर्षी पेरा. संकटाच्या काळात राष्ट्र तगले ते न पेरलेल्या धान्यावर. पसहर आणि साफीअह एकच आहेत असे मी म्हणत नाही. एक मूळचाच वन्य, दुसरे शेतातल्याच दाण्याचे. परंतु ‘आपणहून येणे’ हा धर्म दोन्हींत समान आहे. लेवीयाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात या जागी जो शब्द योजला आहे, तोच पुढे मार्काच्या चौथ्या अध्यायातील दाखल्यात भेटतो. पेरणारा झोपतो, उठतो, बी कसे वाढते हे त्याला कळत नाही आणि भूमी आपणहून पीक देते.

आता पाचव्या-सहाव्या वचनांचा विरोध पाहू. निषेध आहे तो मालक या नात्याने केलेल्या कापणीचा, म्हणजे कापणे, कोठारात भरणे, विकणे यांचा. खाण्याला मनाई नाही. सहाव्या आणि सातव्या वचनात खाणारे मोजून पाहावेत: तू, तुझा दास, तुझी दासी, मजूर, परदेशीय, गुरेढोरे आणि शेवटी देशातील वनपशू. असे सात होतात. जमिनीचा धनी या यादीत आहे, परंतु सातांपैकी एक म्हणून. निर्गमातील आज्ञेत तर गरिबांनी खाऊन उरलेले वनपशूंसाठी राहावे असे स्पष्ट म्हटले आहे. शेताच्या कायद्यात रानातल्या जनावराचा वाटा लिहून ठेवणारा विधिकर्ता आजच्या आपल्या सातबाऱ्याच्या उताऱ्याकडे पाहून काय म्हणेल, असा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

पुन्हा पसहरकडे वळू. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यांना ‘ओरायझा निवारा’ व ‘ओरायझा रुफिपोगॉन’ म्हणतात, ते आपल्या लागवडीच्या भाताचे वन्य आप्त होत. निवारा हे नाव संस्कृत ‘नीवार’ शब्दावरून आले आहे. त्याच्या दाण्याला लांब कुसळ असते, आणि पिकताच दाणा गळून चिखलात पडतो. गोळा करणे वेळखाऊ असते आणि बाजारात तो महाग असतो, त्याचे कारण हेच. मनुष्याने हजारो वर्षांपूर्वी न गळणारी कणसे निवडली आणि भातशेती सुरू झाली. वन्य भात मात्र तलावाच्या काठीच राहिला.

येथे शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. हाच भात शेतात शिरला तर छत्तीसगडचा शेतकरी त्याला ‘करगा’ म्हणतो आणि उपटून टाकतो. न उपटला तर पीक निम्मेशिम्मे गळून जाते. कोवळेपणी करगा व लावलेला भात यांत फरक ओळखता येत नाही. म्हणून रायपूरच्या कृषी विद्यापीठाने ‘श्यामला’ ही जांभळ्या पानांची भाताची जात विकसित केली. तिच्या शेतात हिरवे रोप दिसले की ते करग्याचे समजावे. तलावाच्या काठी जो पसहर पूजेचा, तोच बांधाच्या आत शत्रू. मोशेच्या नियमशास्त्रानेही सहा वर्षे नांगरण्यास, पेरण्यास आणि निंदण्यास मोकळीक दिलीच आहे.

पण हा शत्रू कोणत्या प्रसंगी कामाला आला ते पाहावे. १९६० साली फिलिपाइन्समध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९६६ साली तिने आयआर-८ ही बुटकी, भरघोस उत्पन्नाची जात दिली. आशियाभर थोड्याच जाती दूरवर पसरल्या. त्यांच्या पाठोपाठ तपकिरी तुडतुडा आला, आणि त्याच्यामार्फत रोपाची वाढ खुंटवून त्याला गवताच्या थोंबासारखे करून टाकणारा विषाणुरोग पसरला. शास्त्रज्ञांनी संग्रहातील सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला तोंड देणारा असा एकच नमुना हाती लागला. तो ओरायझा निवाराचा होता, आपल्या उत्तर प्रदेशातून गोळा केलेला. त्याच्याशी संकर करून पुढे ज्या जाती निघाल्या, त्यांपैकी १९७६ ची आयआर-३६ एके काळी जगात सर्वाधिक क्षेत्रावर लावली जात होती. कोट्यवधी माणसांच्या ताटातील भात एका न पेरलेल्या गवताने वाचविला. पवित्र शास्त्राच्या भूमीतही असेच घडले आहे: १९०६ साली आरोन आरोनसोन या संशोधकाला गालीलात गव्हाचा वन्य पूर्वज सापडला, आणि तांबेऱ्यास प्रतिकार करण्याचे गुण त्याच्यापासून लागवडीच्या गव्हात आणले गेले.

रायपूरला याहून मोठे भांडार आहे, आणि त्यामागे डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया यांचे श्रम आहेत. केंब्रिजचे डॉक्टरेट असलेले हे शास्त्रज्ञ १९५९ साली कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. बाहेरून आणलेल्या बुटक्या जाती पुरेशा तपासणीवाचून देशभर पसरविण्यास त्यांनी विरोध केला, आणि त्याची परिणती त्यांना पद सोडावे लागण्यात झाली. पुढे १९७० च्या दशकात मध्य प्रदेश शासनाने त्यांना रायपूरला पाचारण केले. तुटपुंज्या साधनांनिशी गावोगाव हिंडून त्यांनी भाताच्या जातींचे सतरा हजारांहून अधिक नमुने जमविले, आणि तेही प्रत्येकाचे गाव, नाव व गुण नोंदवून. आदिवासी शेतकरी हाच खरा पैदासकार, असे ते निःसंकोच म्हणत. (यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाच्या अखेरीस, कोणते बी कोठे टाकावे हे नांगरणाऱ्याला देवच शिकवितो असे म्हटले आहे, रिछारियांचे मत त्यापासून फार दूर नव्हते.) १९९६ साली ते निवर्तले. आज इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या ताब्यातील हा संग्रह तेवीस हजारांच्या वर गेला आहे.

या भांडाराचा धनी कोण, हा प्रश्न २००२ साली उभा राहिला. सिंजेंटा या स्विस बहुराष्ट्रीय कंपनीबरोबर विद्यापीठाची संशोधन-सहकार्याची बोलणी चालू असल्याचे त्या वर्षीच्या नोव्हेंबरात उघडकीस आले. शेतकरी संघटना, कार्यकर्ते आणि पत्रकार यांनी रान उठविले. डिसेंबरात कंपनीने माघार घेतली. उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात दुष्काळग्रस्त मिसरी लोक योसेफाजवळ अन्नाबरोबर बीही मागतात आणि त्यासाठी आपल्या जमिनी व स्वतःलाही फारोच्या स्वाधीन करतात. बियाण्याच्या बदल्यात काय जाऊ शकते हे तेथे वाचावे. लेवीय २५:२३ प्रमाणे भूमी परमेश्वराची आणि आपण तिच्यावरचे उपरे. मग तिच्यावर आपणहून उगवलेल्याचा मालक होण्याचा अधिकार कंपनीला नाही. विद्यापीठाला किंवा शासनाला तरी तो राखणदारापलीकडे कितपत आहे, याविषयी मला शंका आहे.

तथापि, कंपनीकडे बोट दाखविणे सोपे आहे. शीतगृहातील दाणा जिवंत राहतो, पण तो थांबलेला असतो. तलावाच्या काठचे रोप मात्र दरवर्षी नवी कीड, नवा रोग आणि नवे हवामान यांना तोंड देत बदलत राहते. म्हणून बियाणे राखणे आणि जागा राखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि दुसऱ्यात आपण हरत आहोत. रायपूर हे तलावांचे शहर होते. आज वृत्तपत्रांची कार्यालये असलेले राजबंधा मैदान एके काळी राजबंधा तलाव होते. पाणी गेले, नाव उरले. तेलीबांधा तलाव वाचला, त्याच्या काठी फिरावयास सुरेख रस्ता झाला आणि लोक त्याला ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणू लागले. मीही संध्याकाळी तेथे फिरलो आहे आणि मला ते आवडले. पण पसहरला उथळ, चिखलाचा, पावसात भरणारा आणि उन्हाळ्यात उघडा पडणारा काठ लागतो. सिमेंटच्या भिंतीला असा काठ राहत नाही. आपण ‘सुशोभीकरण’ म्हणतो तेव्हा बहुधा याच पडिक पट्ट्याची लाज वाटून तो झाकीत असतो. आपल्या मंडळ्यांच्या जुन्या मिशन आवारांतही असे ओले कोपरे होते. त्यांपैकी किती आता फरशीखाली आहेत, हे वाचकांनीच आठवावे.

काकूंना मी विचारले होते की पूर्वी पसहर कोठून येत असे. त्या म्हणाल्या, “माझ्या सासूबाई सांगायच्या, शहराबाहेर पडले की तळ्याकाठी बायका गोळा करताना दिसायच्या. आता विकणारी कोणत्या गावाहून आणते ते तिलाच ठाऊक.”

पुढील पाठ अनुवाद २२:६-७ वर, म्हणजे पक्षिणीच्या घरट्याविषयी, असेल. तोपर्यंत एक काम करावे. आपल्या गावात किंवा वस्तीत न पेरता उगवणारी, आणि कधी काळी खाल्ली जाणारी धान्ये व भाज्या कोणत्या, हे घरातील अथवा शेजारच्या सर्वांत वृद्ध स्त्रीला विचारून वहीत लिहावे. तिने उच्चारलेलेच नाव लिहावे, पुस्तकी नव्हे. आणि प्रत्येक नावापुढे ती कोठे उगवत असे ती जागा, व ती जागा अजून आहे की नाही, हेही लिहावे.