परतीच्या वाटेवरची पाखरे



वसंत आला की पाखरे येतात, असे आपण मुलांना सहज सांगतो. आपल्या अंगणातील पुष्कळ पाखरांविषयी मात्र उलट खरे आहे. शेपटी हालवीत फिरणारा धोबी, थिरथिरा आणि थव्याने उतरणाऱ्या भोरड्या हे हिवाळ्याचे पाहुणे. मार्च-एप्रिलमध्ये ते उत्तरेकडे परततात. यिर्मयाच्या 8 व्या अध्यायातील 7 व्या वचनात ऋतू ओळखणाऱ्या अशाच पक्ष्यांची साक्ष आहे. ते वचन शिकविताना वर्गाला अंगणातही न्यावे.

भोरडीचे उदाहरण घेऊ. अंग गुलाबी, डोके व पंख काळे. ज्वारीवर उतरते म्हणून शेतकरी तिला गोफणीने हाकलतो; पण टोळ व नाकतोडेही तीच फस्त करते. तिची वीण मध्य आशियातील गवताळ मुलखात होते. बडोद्याहून कझाकस्तानातील अलमाटी 2,000 किलोमीटरांहून अधिक दूर आहे. निघण्यापूर्वी पळस, पांगारा व सावरीच्या फुलांतील मध आणि किडे खाऊन ती अंगात चरबी साठविते. हीच तिची शिदोरी.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंदिराच्या आवारातील पांगारा फुलला असता मुलांना एक भोरडी फांदीला लोंबकळताना दिसली. पंखात मांजा गुरफटला होता. शिडी आणेपर्यंत ती मेली. तो मांजा संक्रांतीला आम्हीच उडविलेल्या पतंगांचा होता. वर्गाला काय सांगावे हे आम्हांला सुचेना. तेव्हा एका मुलीने विचारले, "काका, बाकीचा मांजा कधी काढायचा?" त्याच दुपारी तो काढला.

घरी व मंदिराच्या आवारात आपल्याला एवढे करता येईल :

1. संक्रांत होताच झाडांवरील मांजा मोठ्या माणसांनी काढावा. विजेच्या तारांना हात लावू नये. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली देशभर बंदी घातली आहे; तो घरात आणूच नये.

2. मातीच्या परळात दोन बोटे पाणी सावलीत ठेवावे. मांजराला दबा धरता येणार नाही अशी मोकळी जागा पाहावी. पाणी रोज बदलावे, परळ घासावे.

3. वटवट्यांसारखे अनेक लहान पक्षी रात्री प्रवास करतात. झगझगीत दिव्यांनी ते वाट चुकतात. बाहेरचे अनावश्यक दिवे मालवावेत.

4. काचेत आकाश दिसते व पाखरू तिच्यावर आदळते. काचेला बाहेरून दोन-दोन इंचांवर ठिपके काढावेत.

5. फुललेल्या झाडाच्या फांद्या तोडू नयेत. विषारी फवारा मारू नये.

वर्गासाठी प्रश्न : आपल्या अंगणातून या महिन्यात कोणते पाखरू दिसेनासे झाले? आपल्या हातून त्याच्या वाटेत कोणता अडथळा आला होता?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रथम शिक्षकाने द्यावे. आम्हीही तसेच केले.