लाकडी सांगाडा व दगडी तळखडा

इंग्लंडच्या खेड्यांतील जुनी ओकची घरे, पुण्याचे वाडे आणि बंगळूरच्या किल्ल्यातील टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल यांची रूपे भिन्न असली, तरी तत्त्व एकच आहे : इमारतीचा भार मुख्यतः लाकडी सांगाड्याने वाहावयाचा. इंग्रजी घरात या सांगाड्यातील मोकळ्या जागा कुडाने भरून काढीत.

बंगळूरचा दुमजली महाल हैदर अलीने १७८१ साली बांधावयास घेतला. टिपूने तो १७९१ मध्ये पूर्ण केला. वरच्या मजल्याचा भार तुळयांवरून सागाच्या खांबांवर उतरतो. खांबांमधील महिरपी प्रामुख्याने शोभेच्या होत.

हे खांब जमिनीत पुरलेले नाहीत. ते दगडी तळखड्यांवर उभे आहेत. लाकूड ओल शोषून घेते आणि खांबाचा बुंधा कुजला की वरचा मजला खचतो. दिसावयास क्षुल्लक अशा या दगडावर इमारतीचे आयुष्य अवलंबून असते.

आगीपुढे मात्र हा उपाय चालत नाही. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे मजले भस्मसात झाले. तटबंदी व जोती तेवढी उरली. बंगळूरच्या महालात टिपूच्या पश्चात सरकारी कचेरी भरत असे. १८६८ मध्ये ती अठरा कचेरीत गेली. महाल आजही उभा आहे.