सुशी आणि लहान मुले
जपानमध्ये मुलाकडे निघालेले आजी-आजोबा मला विचारतात, "तेथील गल्लीतल्या छोट्या सुशीच्या दुकानात नातवंडांना न्यावे काय?" अवश्य न्यावे. सुशीचा पाया म्हणजे व्हिनेगर मिसळलेला भात. तिच्यात कच्चा मासा असतोच असे नाही. कच्च्या समुद्री माशात अनिसाकिस कृमीच्या अळ्या असू शकतात. त्यांमुळे काही तासांत तीव्र पोटदुखी व उलट्या होतात. व्हिनेगर वा वासाबीने त्या मरत नाहीत. उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस गोठविल्यास मरतात. जीवाणू मात्र त्यातूनही टिकतात. म्हणून लहान मुलांना व गर्भवतींना काकडीची कप्पामाकी किंवा शिजविलेल्या अंड्याची तामागो सुशी द्यावी. मोठ्यांनी कच्चा मासा खाल्ल्यावर पोट दुखू लागल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. अळी एन्डोस्कोपीने काढता येते.