सुरतेच्या मित्रानं शिवी का दिली नाही?

प्रश्न : माझं लहानपण सुरतेत, लिंबायतमध्ये गेलं. वडील लूमवर होते. आम्ही मूळचे अमळनेर तालुक्यातले. महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो. 2003 साली आम्ही पुण्याकडे आलो आणि इथलेच झालो. वीस वर्षांनी एका लग्नासाठी दोन दिवस सुरतेला गेलो. शाळेतले चौघे मित्र मुद्दाम वेळ काढून भेटायला आले. लोचो खाल्ला, फोटो काढले, आणि अर्ध्या तासात बोलणं संपलं. ते आपापसात गुजरातीत बोलत होते, माझ्याशी मराठीत. ज्याच्या पतंगाची फिरकी मी आठ उत्तरायणं धरली तो मला 'तुम्ही' म्हणाला. दोन दिवसांत एकानंही मला शिवी दिली नाही. मैत्रीला मुदत असते का? असेल तर किती वर्षांची? आणि ता. क. : नॉस्टॅल्जिया हा पूर्वी आजार समजत, हे खरं का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : ता. क.पासून सुरुवात करतो, कारण ते सोपं आहे. हो, खरं आहे. 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या तरुण स्विस वैद्यानं बाझेल इथल्या प्रबंधात हा शब्द घडवला. घरी परतणं आणि वेदना अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्यानं जोडले. परमुलखात राहणारे स्विस तरुण गावाच्या आठवणीनं झुरतात, अन्न सोडतात, अंथरुणाला खिळतात, असं त्यानं लिहिलं. घरी पाठवणं हा त्याच्या मते त्यावरचा खरा इलाज. तुम्ही तो इलाज करून आलात आणि दुखणं वाढवून घेतलंत. होफरनं वीस वर्षांनी परतणारा रोगी बहुधा पाहिला नसावा.

आता शिवी. तुमच्या पत्रातलं खरं दुखणं तिथे आहे आणि तुम्हालाही ते कळलेलं दिसतं. उरलेल्या गुजरातेत सुरती माणूस दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, ताटातलं आणि तोंडातलं. ताटासाठी 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही म्हण आहे. तोंडासाठी म्हण लागत नाही, चौकात पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरतं. शिवी तिथे रागातच येते असं नाही. माणूस आपला आहे याची ती पावती असते. पाहुण्यासमोर मात्र तीच जीभ आवरली जाते. चौघांनी मिळून दोन दिवस ती आवरून धरली, याचा अर्थ त्यांनी तुम्हाला तोडलं असा नाही. पाहुणा केलं. हे जास्त लागतं, हे मान्य.

पण त्यांनी असं का केलं? तुम्ही बोललात कोणत्या भाषेत, ते पत्रात नाही. माझा अंदाज सांगतो : पुण्याच्या.

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यातल्या खानदेशी पोराची भाषा एक कधीच नव्हती. घरात आई अहिराणी बोलायची. शाळेत पुस्तकातली मराठी. गल्लीत आणि दुकानावर गुजराती. लूम खात्यावर हिंदी, कारण शेजारच्या मशिनवर ओडिशाचा किंवा उत्तर प्रदेशचा माणूस. सुरत महापालिकेच्या शाळा आजही सात माध्यमांत चालतात : गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. अशा शहरात पोरांची मैत्री चार भाषांच्या खिचडीत शिजते. एक वाक्य 'काय रे भो'नं सुरू व्हायचं आणि 'चाल ने यार'वर संपायचं. तुम्ही त्या खिचडीतली एकच डाळ वेगळी काढून वीस वर्षं घासून स्वच्छ केलीत, आणि तीच घेऊन गेलात. 'कसे आहात सगळे?' असं तुम्ही विचारलं असेल, तर 'तुम्ही' तिकडून आलेलंच नाही. ते तुमच्या वाक्यातूनच निघालं. अहिराणीत 'कवय उना रे?', म्हणजे 'कधी आलास रे?', असं विचारल्यावर 'अहो' म्हणून उत्तर देणं कोणाला जमणारच नाही.

हे छातीठोकपणे सांगतो, कारण मी स्वतः असाच तोंडावर पडलो आहे. माझे मामा उधन्याला राहायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत भुसावळ-सुरत पॅसेंजरनं आम्ही तिथे जायचो. शेजारच्या खोलीतल्या पोराशी माझी अशी गट्टी होती, की एका खाटेवर उलटसुलट झोपायचो. त्याचे पाय माझ्या तोंडाशी. खोली एकच, आणि त्याचे वडील रातपाळीहून सकाळी आले की खाट त्यांची. मग आम्ही दिवसभर बाहेर. पुष्कळ वर्षांनी त्याला शोधत डिंडोलीला गेलो. आता त्याचं साड्यांवर लेस लावून देण्याचं छोटं युनिट आहे. मी पेढ्यांचा बॉक्स ठेवला आणि, आज लिहितानाही लाज वाटते, खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून दिलं. फोन नंबर त्यावर होता, एवढाच हेतू. त्यानं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, मुलाला हाक मारली आणि म्हणाला, "आपल्या गावचे साहेब आहेत, पाया पड." साहेब! मी परतीच्या गाडीत चार दिवस पुरेल इतका राग जमवला. नवापूर जाईपर्यंत लक्षात आलं, की साहेब तर मीच काउंटरवर ठेवला होता.

नवापूर स्टेशन तुम्हाला आठवत असेलच. तिथल्या फलाटामधूनच राज्याची हद्द जाते. एका बाकावर तर रंगानं रेघ मारून एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात असं लिहिलं आहे. लोक उतरून फोटो काढतात. ही हद्द 1 मे 1960ची. रूळ त्याहून जुने : तापी व्हॅली रेल्वे 1900 साली सुरतेपासून थेट अमळनेरपर्यंत पोचली. आणि तापी तर कोणाच्याच आधीची. भुसावळहून निघालेलं पाणी सुरतेला समुद्राला मिळतं. खानदेशातला माणूस कोरडवाहू वावर सोडून त्याच दिशेनं गेला, कारण दुसऱ्या टोकाला पावसाची वाट न पाहता चालणारे लूम होते. तो गेला आणि तिथलाच झाला. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील जन्मानं जळगाव जिल्ह्यातले. तुमच्या लिंबायतमधून संगीता पाटील 2012 पासून आमदार म्हणून निवडून येत आहेत. श्रावणात खानदेशची कानबाई देवी बसते, नैवेद्याचे रोट होतात, आणि दुसऱ्या दिवशी तिची मिरवणूक डिंडोली-लिंबायतच्या रस्त्यावरून निघते. तुमचे मित्र गुजराती झालेत असं तुम्हाला वाटलं असेल. ते सुरती झालेत, तुम्ही पुणेकर. दोघांनीही अमळनेर सोडलं ते सोडलंच, फक्त उतरायचं स्टेशन वेगळं निघालं.

आता मुदतीचं. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकानं 2018 मध्ये एक हिशेब मांडला. नव्यानं राहायला आलेल्या माणसांना त्यानं विचारलं, की कोणाबरोबर किती वेळ घालवलात आणि तो आता तुमचा कोण आहे. ओळखीचा माणूस जेमतेम मित्र व्हायला साधारण 50 तास लागतात, मित्र व्हायला 90, आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त, असं उत्तर निघालं. हे तास कामाच्या जागी नाइलाजानं शेजारी बसल्याचे नव्हेत, आपण होऊन दिलेले. लिंबायतच्या पोराला शाळेत जाता-येता, गल्लीत आणि गच्चीवर मिळून दिवसाला तीन तास सहज मिळत. म्हणजे सव्वादोन महिन्यांत जिवलग! तुम्ही आठ उत्तरायणं काढलीत, तुमच्या खात्यावर हजारो तास जमा होते. आता वर्षातून दोन दिवस, रोज तीन तास असं भेटायचं ठरवलंत, तर 200 तासांना 33 वर्षं लागतील. तोवर फिरकी धरायला हात स्थिर राहणार नाहीत.

गणित क्रूर आहे, पण ते नवी मैत्री जोडण्याचं आहे. जुनी कशी झिजते हे सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार या ब्रिटिश संशोधकांनी पाहिलं. शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या 30 मुलामुलींच्या नात्यांचा त्यांनी 18 महिने माग ठेवला. नातेवाइकांशी जवळीक गाठभेट कमी झाली तरी फारशी घटली नाही. मैत्री मात्र घसरली. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं कोरडं उत्तर असं, की मैत्री वीस वर्षं टिकून एका दिवशी संपत नाही. दीड वर्षातच ती उतरू लागते. तुमची 2005 च्या आतच उतरू लागली असणार, तुम्हाला कळली आता, एवढंच.

पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या अर्ध्या तासाचा उलगडा करते. मुलींची मैत्री बोलण्यानं टिकली. मुलांची बोलण्यानं टिकली नाही. एकत्र काहीतरी करण्यानं टिकली. आता त्या भेटीकडे पुन्हा बघा. पाच पुरुष टेबलाभोवती समोरासमोर बसले, हातात लोचोच्या डिश, आणि काम काय तर बोला. लहानपणी तुम्ही समोरासमोर बसलाच नव्हतात. शेजारी शेजारी होता. दोघांचीही तोंडं पतंगाकडे. बोलणं 'ढील दे', 'खेच', 'लपेट' एवढंच, आणि त्यात एखादी शिवी. ती भाषा टेबलावर कशी चालणार? लोचो गार झाला की संपलं.

त्यांना भेटायचंच नव्हतं, अशी शंका तुमच्या पत्रात डोकावते. ती काढून टाका. लारा एक्निन आणि गिलियन सँडस्ट्रॉम या दोघी संशोधकांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना संपर्क तुटलेल्या मित्राला निरोप पाठवायची संधी दिली. निरोप लिहायला वेळ होता, नंबर होता, समोरच्याला आनंद होईल असंही वाटत होतं. तरी एक तृतीयांश लोकांनीसुद्धा तो पाठवला नाही. जुना मित्र अनोळखी माणसाइतकाच अवघड वाटू लागतो. त्या मानानं चार माणसं कामाच्या दिवशी वेळ काढून आली, एकानं तर रोजंदारीही बुडवली असेल. मला हे कमी वाटत नाही.

शहराबद्दलही दोन शब्द, कारण थोडा दोष त्याचा आहे. 2001 च्या जनगणनेत सुरत 24 लाखांची होती. 2011 मध्ये जवळपास 45 लाखांची. यात हद्दवाढीचा वाटा मोठा, पण माणसंही आलीच. तुम्ही गेल्यावर तीनच वर्षांनी, ऑगस्ट 2006 मध्ये, उकई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापी शहरात शिरली. लोक गच्च्यांवर अडकून पडले, वीज नाही, प्यायला पाणी नाही. तुमच्या मित्रांनी ते दिवस एकत्र काढले असतील. 1994 च्या प्लेगची पळापळ तुम्हीही त्यांच्याबरोबर पाहिली असेल, पोटाशी गाठोडं धरून गर्दीच्या गाडीत. 2003 नंतरचं त्यांचं त्यांचं आहे. लॉकडाऊनही. तुमच्याजवळ 2003 पर्यंतच्याच गोष्टी, त्यांच्याजवळ पुढच्या वीस वर्षांच्या. तुम्ही 'आठवतं का' म्हणत राहिलात, तर त्यांनी निम्मं आयुष्य टेबलाखाली ठेवून बोलायचं का? पुराचं विचारलंत का त्यांना? कोणाची गच्ची होती, किती जण होते, काय खाल्लं?

विचारलं नसेल तर पुढच्या खेपेला विचारा. आणि पुढची खेप लग्नाची नको. लग्नात माणूस इस्त्रीचा असतो. 14 जानेवारीला जा. वासी उत्तरायणासाठी 15 तारखेलाही राहा, सुरतेत दुसरा दिवसही वाया घालवत नाहीत. हॉटेल घेऊ नका, ज्यानं 'तुम्ही' म्हटलं त्याच्याच घरी उतरा; घर लहान असेल तर जास्त बरं. आदल्या दिवशी दोरी रंगवून घ्यायला त्याच्याबरोबर रांगेत उभे राहा. पुण्यातून मिठाईचा बॉक्स नेऊ नका. कार्ड तर नाहीच नाही. पोंक, म्हणजे आपला हुरडा, मिळतो, तो घेऊन सकाळी गच्चीवर चढा. पतंग त्याच्या पोराच्या हातात असेल, त्यावर हक्क सांगू नका. फिरकी मागून घ्या.

वीस वर्षांत सवय गेलेली असणार. ऐन पेचात तुमच्या हातून दोरी अडकेल, पतंग कापला जाईल, आणि शेजारच्या गच्चीवरून 'काप्यो छे'चा गलका उठेल. तेव्हा तो मागे वळून काय म्हणतो ते नीट ऐका आणि मला कळवा. छापता येण्याजोगं नसेल, तर पोस्टकार्डावर नको, पाकिटात घालून पाठवा.